मुलुंडचा ध्रुवप्रकाश आणि माझं बोट

ऑफिसातले तिघं नॉर्वेला जाऊन ध्रुवप्रकाश बघून आले आणि माझं जेवण कडू झालं. डबा उघडला की यांचे मोबाइल पुढे, हिरवं आभाळ! शेवटी म्हटलं, आपणही जाऊ. मुलुंडला. माझी मावसबहीण प्राजक्ता तिथे घरच्या कम्प्युटरवर ध्रुवप्रकाश बनवते.

दसऱ्याला सकाळी बोरिवलीहून निघालो. नकाशात मधे नुसतं जंगल आहे, पण बिबट्या लिफ्ट देत नाही, म्हणून पवईवरून वळसा. रिक्षाचे साडेचारशे, वेळ दीड तास. व्हिसा लागत नाही आणि वाटेत वडापाव मिळतो.

प्राजक्ताने स्क्रीन दाखवली. निळ्यावर लाल ओघळ.

"हे काय गं, रस्सा सांडल्यासारखं?"

"गप रे! सूर्याच्या वाऱ्याने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मागच्या बाजूला शेपटासारखं ताणलं जातं. त्या शेपटातून तापलेला प्लाझ्मा पृथ्वीकडे सुसाट येतो, जवळ आला की ब्रेक लागतो, मग कण ध्रुवांवर उतरतात आणि आभाळ उजळतं. घटस्थापनेला गणित लावलंय, आज संध्याकाळी संपेल. उद्या गाइडना दाखवलं नाही तर शिष्यवृत्ती गेली. हात लावू नकोस!"

ती आंघोळीला गेली. मावशी तबक घेऊन आली. दसऱ्याला विळी, हातोडीसोबत कम्प्युटरचीही पूजा असते त्यांच्याकडे. मी रील सुरू केलं, तर आतल्या पंख्याने कुंकू उडायला लागलं.

"दोन मिनिटं बंद करतो, मावशी."

"नको रे बाबा, चालू दे तेका!"

पण फ्रेमची वाट लागत होती, यार. मी बटण दाबलं.

नऊ दिवसांचं गणित पुसलं गेलं. मधे साठवायला डिस्कमध्ये जागाच नव्हती. ओल्या केसांनी प्राजक्ता दारात. "कोणी केलं?" मी मोबाइल खिशात सरकवला. मावशी म्हणाली, "माझो हात लागलो गो." मी मान खाली घालून श्रीखंड खाल्लं. दोनदा.

घरी येऊन रील टाकलं, बटणाचा भाग कापून. झेंडूच्या माळेतला काळा कम्प्युटर लोकांना भलताच आवडला. 'झकास!' म्हणे.

आज आठवडा झाला. गणित पुन्हा लावलंय, गाइड अजून काही कळवत नाहीत, आणि प्राजक्ता आईशी बोलत नाही. मावशी मात्र मला फोन करून विचारते, "जेवलंस मां?" लाज वाटते हो.

तेव्हा मंडळी, मुलुंडला जरूर जा, हात खिशात ठेवून. आणि प्राजू, कापलेला तुकडा खाली जोडलाय. बटण मी दाबलं. आईशी बोल गं.