विद्यार्थी सॅन्टनची वाडी

आमच्या उमेळ्यात सॅन्टन ज्या इमारतीत राहतो, ती त्याच्याच वाडीवर उभी आहे. दुसऱ्या मजल्यावरचं त्याचं स्वयंपाकघर बरोबर जुन्या विहिरीवर येतं, असं तो सांगतो. पाहुण्याला पाणी देताना म्हणतो, "घे, आपल्याच विहिरीचं आहे." पाणी नळाचं असतं. पाहुणा हसतो, सॅन्टन हसत नाही.

वाडी गेली, आणि मागोमाग बायको मटिल्डाही गेली. राहिली एकुलती लेक, टिफनी. ती घरांचे आणि बागांचे आराखडे काढायला शिकत होती. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर तिला कॉलेजच्या नावावर मिळालं होतं. बाजारातली त्याची किंमत ऐकून माणूस मटकन खाली बसेल. विद्यार्थ्यांना मात्र ते जवळजवळ फुकट. त्यात टिफनीनं बापाला विचारून विचारून जुनी वाडी काढली. विहीर आली, केळी आल्या, चिकूखाली सावली आली. बटणं दाबत गेलं की पडद्यावर त्या वाडीतून चालता येई. सॅन्टन रोज संध्याकाळी एक फेरी मारून येई आणि जेवायला बसताना नकळत पायाची माती झटकी.

एकच कोपरा राहिला होता. मटिल्डाचा मोगरा.

"आईचा कोपरा परीक्षेनंतर, पप्पा. तो घाईत नाही काढायचा," टिफनी म्हणाली होती. परीक्षा झाली, बंगळुरूची नोकरी आली. ती विद्यार्थिनी राहिली नाही, तसा तिचा सॉफ्टवेअरचा परवानाही संपला. घरी ठेवलेल्या जुन्या लॅपटॉपवर वाडीचं फाटक उघडेना.

"ऑफिसच्या परवान्यावर घरचं काम करता येत नाही, पप्पा. आणि स्वतःचा घ्यायचा तर आता पूर्ण पैसे," ती फोनवर म्हणाली.

"म्हणजे विद्यार्थीच पाहिजे."

"हो ना."

"मग मी होतो."

ती खळखळून हसली. तिला वाटलं, बाप चेष्टा करतोय.

जूनमध्ये सॅन्टन इस्त्रीचा शर्ट घालून विरारला, फुलपाड्याच्या एका छोट्या कॉलेजात गेला. आराखडे काढण्याचा वर्षभराचा वर्ग तिथे चालतो. प्रवेशाच्या खिडकीतल्या सुहासिनीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"मुलाला घेऊन या, काका. सही त्याची लागते."

"मुलगा नाही. मीच."

"तुम्ही? अहो, दहावी कधी झालात?"

"तुमच्या आईवडिलांचं लग्न ठरायच्या आधी."

बाई हसल्या. "मग पहिल्या बाकावर बसा. मागचे फार बोलतात."

सॉफ्टवेअरच्या कंपनीला ओळखपत्राचा फोटो पाठवल्यावर वर्षभराचा परवाना आला. ते ओळखपत्र गळ्यात घालूनच सॅन्टननं लॅपटॉप उघडला. वाडी होती तशी होती. केळीचं एक पानसुद्धा सुकलं नव्हतं.

माउस धरायला शिकता शिकता पावसाळा गेला. मग त्यानं मोगरा लावायला घेतला.

"काका, एक रोप काढा आणि कॉपी मारा," वर्गातले जितेश सर म्हणाले. "दोन मिनिटांत बाग तयार."

"सर, कॉपी परीक्षेत चालते का?"

अख्खा वर्ग खिदळला. सॅन्टन शांतपणे पुढे म्हणाला, "मोगरा एका दिवसात कोण लावतं, सर? आणि सारखी दोन रोपं मी तरी पाहिली नाहीत. तिची विहिरीकडची रोपं ठेंगणी होती, कुंपणाकडची माजलेली."

तो एकेक रोप काढी. एक ओळ पुरी झाली की दोन-तीन दिवस तिला हात लावत नसे. रोपांनी जमीन धरायला हवी. माउसच्या धक्क्यानं ओळ हलली की पुन्हा तेवढेच दिवस थांबे. मे उजाडला, परवाना संपत आला, तरी शेवटची ओळ बाकीच होती.

"पप्पा, चित्रातल्या रोपांना मुळं नसतात!" टिफनी फोनवर चिडली.

"हे तुझ्या आईला सांगितलं असतंस का?"

दुसऱ्या दिवशी तिनं रजेचा अर्ज दिला.

मध्यंतरी निकाल लागला. सॅन्टन पास. पेढे वाटायचे सोडून तो सुहासिनीबाईंच्या खिडकीशी गेला. "बाई, नापास करून घेता येईल का?"

"असं मागणारे तुम्ही पहिलेच, काका."

परवान्याच्या शेवटच्या संध्याकाळी लेक शेजारी बसली होती. सॅन्टननं शेवटची ओळ सावकाश लावत आणली, आणि कडेला थोडी जागा सोडून माउस खाली ठेवला.

"इथे एक राहिलं, पप्पा."

"राहिलं नाही. तिथे तुझी आई टोपली पालथी घालून बसायची. कळ्या निवडायला."

टिफनीनं माउस हातात घेतला. "टोपली काढू?"

"नको. टोपली ती स्वतःच आणायची."

त्या चित्राचा मोठा कागद छापून आता स्वयंपाकघरात लावला आहे. परवाना विद्यार्थ्याचा, म्हणून खाली बारीक अक्षरात छापून आलं आहे, की हे फक्त शिकणाऱ्यांसाठी. टिफनी ती पट्टी कापणार होती. सॅन्टननं कापू दिली नाही.

वाडीत चालून येणं आता बंद झालं. तो कागदासमोर थोडा वेळ उभा राहतो, एवढंच. जेवायला बसताना मात्र पाय अजून झटकतो.