आतल्या बाजूची शिवण

माणसांपेक्षा मला पंप बरे वाटतात. पंप बिघडायचा असेल तर आधी त्याचा आवाज बदलतो, तो तापतो, म्हणजे बिचारा सांगून बिघडतो. माणसांचं तसं नाही. या स्वभावामुळेच शहराला पाणी चढवणाऱ्या या पंपहाऊसवर मी सव्वीस वर्षं टिकले. तळ्याच्या काठी एक पंपघर, दोन खोल्या, एक फाटक आणि येण्याजाण्याचा एकच रस्ता. सगळ्यात जवळचं घर अकरा किलोमीटरवर. इथे बदली झाली की लोक रजेचे अर्ज टाकतात; मी अर्ज करून ही जागा मागून घेतली.

म्हणूनच माझ्या शाळेतल्या मैत्रिणीनं आपली मुलगी माझ्याकडे पाठवली. पोरगी तिशीची, शिवणकामात तरबेज. नवराही शिंपीच, शहरात दोघांचं दुकान. त्याला सगळे मास्तर म्हणत. गिऱ्हाइकाशी बोलताना जिभेवर साखर, आणि वरच्या मजल्यावर बायकोला बाहेरून कडी. जेवण वाढायला उशीर झाला म्हणून त्यानं तिच्या मनगटावर तापलेली इस्त्री टेकवली होती. याआधी ती दोनदा माहेरी पळाली आणि दोन्ही वेळा तो गोड बोलून तिला घेऊन गेला. दुसऱ्या खेपेला वाटेत म्हणाला, पुन्हा गेलीस तर घरी आणणार नाही, सापडशील तिथेच संपवीन. माझं नाव त्यानं कधी ऐकलं नव्हतं, एवढंच आमचं बळ.

चार महिने ती फाटकाबाहेर गेली नाही. कपडे पंपघरात वाळत घालायची. गाडी आली की मागच्या खोलीत जाऊन बसायची. सुरुवातीला तिला पंपाच्या घरघरीची फार भीती वाटे. कुणी आलं तर पाऊल ऐकू येणार नाही, म्हणायची. मी सांगितलं, माझे कान या घरघरीत मुरलेत, मला मांजर आलेलंही कळतं. हे खोटं होतं. मांजर दोनदा दूध पिऊन गेलं होतं.

रिकामं बसवेना म्हणून तिनं एक काम अंगावर घेतलं. तळ्यातल्या मोजपट्टीवर पाणी किती आहे ते बघायचं आणि मला सांगायचं. मी तो आकडा दर तासाला कंट्रोल रूमला फोनवर कळवायची. तिथल्या बाईशी मी एकोणीस वर्षं बोलत होते, तोंड एकदाही पाहिलं नव्हतं. फटकळ बाई. माझ्याहून फटकळ, म्हणजे विचार करा.

घात झाला तो एका पँटमुळे. ब्लीचिंग पावडरची पोती घेऊन येणारा एक ट्रकवाला आहे. माणूस सोन्यासारखा, पण तोंडाला झाकण नाही, म्हणून मी त्याला बडबड्या म्हणते. पोती उतरवताना फाटकाच्या खिळ्याला अडकून त्याची नवी पँट गुडघ्यापर्यंत फाटली. त्याचं रडकं तोंड बघून मी म्हटलं, ठेवून जा, घालते दोन टाके. मला सुईत दोरा ओवायला अर्धा दिवस लागतो, तरी मी बसले. चार टाके झाले नसतील तोच पोरीनं पँट हातातून ओढून घेतली.

"मावशी, असलं वेडंवाकडं मला बघवत नाही," म्हणाली.

तासाभरात पँट अशी झाली की फाटलं कुठे होतं ते मलाच सापडेना. आतल्या बाजूला शिवण संपते तिथे दोरा मागे वळवून तिनं तीन बारीक आडवे टाके घातले होते. ही तिच्या आईची पद्धत. त्यानं शिवण उसवत नाही. बडबड्यानं कुणी शिवली विचारलं तेव्हा मी छाती पुढे काढून सांगितलं, मीच. मला वाटलं, कोण एवढं बघतंय.

तीन आठवड्यांनी बडबड्या आला तो माझं कौतुक घेऊनच. पोट सुटलं म्हणून ती पँट कंबरेत सैल करायला त्यानं शहरातल्या एका दुकानात टाकली होती. तिथल्या मास्तरानं ती उलटी केली, आतली शिवण पाहिली आणि कितीतरी वेळ बघतच राहिला. मग चहा मागवला. अशी कलाकार बाई कोण, कुठे असते, सगळं विचारून घेतलं. "तुमचं नाव मोठं केलं मी," बडबड्या म्हणाला.

सगळ्या शहरात या शहाण्याला तेच दुकान सापडावं! पण दोष त्याचा नव्हता. तिला चांगलंच शिवता येत होतं आणि मला खोटं नीट बोलता आलं नव्हतं.

मागच्या खोलीतून तिनं सगळं ऐकलं होतं. ट्रक गेल्यावर मी पिशवी काढली, म्हटलं, भर कपडे, माझ्या चुलतबहिणीकडे सोडते. ती हलली नाही.

"तिथेही मी काहीतरी शिवीनच," ती म्हणाली. "किती जागा बदलायच्या, मावशी?"

आणि माझ्या हातातला फोन घेऊन तिनं स्पीकरवर कंट्रोलवालीला लावला. आपलं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, मनगटाचं सांगितलं. एकदाही थांबली नाही. पलीकडच्या बाईनं सगळं लिहून घेतलं. शेवटी म्हणाली, तिथे दुसरं कुणीतरी आहे हे मला चार महिने ठाऊक आहे. तुझ्या मावशीनं आयुष्यात कधी सेंटिमीटर सांगितला नव्हता, नुसतं अंदाजे, अंदाजे. त्या बाईनं त्याच संध्याकाळी ओळखीच्या वकीलबाईला गाठलं आणि पोलिसांकडे तक्रार नोंदवून घेतली.

मास्तर तिसऱ्या दिवशी भर दुपारी आला. मोटरसायकल, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा पुडा. मी मोठा पाना घेऊन फाटकाशी उभी राहिले. तो मला मावशी म्हणाला तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याला वाटेला लावणार, एवढ्यात ती स्वतःच बाहेर आली. हातात फोन होता.

त्यानं गोड सुरुवात केली. झालं गेलं विसर, दुकान तुझ्यावाचून ओस पडलंय, घरी चल.

"मी येणार नाही," ती म्हणाली. "आज नाही आणि कधीच नाही."

साखर संपली. फाटकाच्या गजावर पाय देत तो खालच्या आवाजात म्हणाला, "सांगितलं होतं ना, सापडशील तिथेच संपवीन?"

"ऐकलं," फोनमधून कंट्रोलवालीचा आवाज आला. "मास्तर, कंट्रोल रूममध्ये फोनवरचा प्रत्येक शब्द रेकॉर्ड होतो. तुम्ही दुकानाला कुलूप लावलंत तेव्हाच वकीलबाईनं पोलिसांना कळवलं; त्यांची गाडी निघून अर्धा तास झाला. रस्ता एकच आहे."

तो गजावरून उतरला. मिठाई तिथेच टाकून पळाला, पण पळणार कुठे? तिसऱ्या वळणावर पोलिसांची गाडी समोर आली.

कोर्टानं त्याला तिच्या आसपास फिरकायची मनाई केली आहे. खटला चालू आहे. तारखेला ती एकटी जाते आणि परत आल्यावर दोन पोळ्या जास्त खाते. मी तिला म्हटलं, हवं तिथे जा आता. तर म्हणाली, मशीन आणते, थोडे दिवस इथेच बसते. मला बरं वाटलं. पंपांपेक्षाही बरं वाटलं, हे सांगून टाकते.

मशीन आली त्या दिवशी बडबड्या आला, खाली मान घालून. त्यानं कानाला खडा लावला होता. पँट कुठे शिवली हे आता देवानं विचारलं तरी सांगणार नाही, म्हणाला.

तिनं मशीनमध्ये दोरा ओवला.

"असं नका करू, भाऊ," ती म्हणाली. "विचारेल त्याला सांगा. माझं नाव सांगा, रस्ताही सांगा."