शेवटच्या ओळीतलं नाव

आमच्या भजनी मंडळाचा एक नियम आहे. जिनं अभंग रचला, तिचं नाव शेवटच्या ओळीत आलंच पाहिजे. नियम घातला मंडळातल्या थोरल्या काकूंनी. "लेकराला बापाचं नाव लावता ना? मग अभंगाला आईचं लावा," असं त्यांचं म्हणणं.

मला आवाज नाही. मी टाळ वाजवते आणि बायकांना वेळेवर आणून बसवते. मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत त्या उन्हाळ्यात नळ असून नसल्यासारखे होते, आणि भजनाला बसलं की देवाआधी पाण्याचा विषय निघायचा. अशातच आमच्यातल्या एकीनं अभंग रचला:

नळा तुझा कैसा कडक उपास ।
एकादशी तुला बारा मास ॥

शेवटी 'अमकी म्हणे' करून तिचं नाव. तिचा नवरा पाणी खात्यात कंत्राटी लाइनमन. आमच्याच भागाचे व्हॉल्व्ह तो सोडायचा. बायकांना आयतंच सापडलं. "चावी तुह्या घरात, आन् रडती तूच व्हय?"

"चावी हाये माय. पाणी नाय," ती म्हणाली.

तो अभंग घेऊन आम्ही वॉर्ड ऑफिसच्या दारात बसलो. पोलीस आला. "काकू, इथं घोषणांना बंदी आहे."

मी म्हटलं, "घोषणा कुठं आहेत? भजन चाललंय."

"मग देवळात बसा."

"देवळात नळ नाय, बाबा," थोरल्या काकू म्हणाल्या.

तो हसला आणि बाजूला झाला. आधी झेंडे घेऊन आलेल्या मोर्चांना साहेब भेटले नव्हते. टाळ ऐकून ते खाली उतरले. त्या आठवड्यात पाणी आलं. आम्ही खूश. पण कुणीतरी केलेलं शूटिंग गावभर फिरलं आणि त्यात शेवटची ओळ अगदी स्पष्ट ऐकू येत होती.

चार दिवसांनी तिचा नवरा माझ्या दारात उभा. आत यायला तयार नाही.

"ताई, ठेकेदारानं इचारलं, ही बाई तुझीच ना? पुन्हा नाव ऐकू आलं तर कामावर येऊ नको म्हणला. भजन करा, माझी ना नाय. तेवढं नाव काढा."

"तिला सांगितलं का?"

"तिला कोण सांगनार?"

मीच सांगितलं. पाणी पुन्हा बंद झालेलं, म्हणजे पुन्हा बसायचं होतंच. नावाच्या जागी काय घालायचं यावर मंडळात वाद झाला. कुणी म्हणालं, एखाद्या संताचं घाला. थोरल्या काकू उसळल्या, "संतांना कशाला तुमच्या नळाच्या भानगडीत ओढता?" शेवटी 'सखी म्हणे' ठरलं. "घाला, मला काय," एवढंच ती बोलली. मी तालीम घेतली. ती सगळ्यांबरोबर नीट 'सखी' म्हणाली.

दुसऱ्या वेळी ऑफिसच्या गेटवर लोकांनी आधीच मोबाइल वर धरले होते. शेवटची ओळ आली. आम्ही 'सखी'चा 'स' काढतोय, तेवढ्यात मागच्या रांगेतून तिचा आवाज चढला. तिनं स्वतःचं नाव घेतलं. ओळ परत म्हणायची असते. आणि भजनात पुढच्या आवाजामागं जायची सवय इतकी मुरलेली, की दुसऱ्या खेपेला सगळ्यांच्या तोंडून तेच नाव गेलं. माझ्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी त्याला कामावर घेतलं नाही.

मी तिच्या घरी गेले. तो खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. मी हळूच विचारलं, "चुकून गेलं का गं?"

"चुकून कसं जाईल, ताई? माझंच नाव हाये."

खाटेवरून तो म्हणाला, "आता भाकरीबी तुझ्याच नावाची आन."

  ठेकेदाराकडं आम्ही दोनदा जाऊन आलो. त्यानं बसायलासुद्धा सांगितलं नाही. पुढच्या गुरुवारी ती भजनाला आली आणि नेहमीच्या जागी बसली. आम्ही इतर सगळे अभंग म्हटले. तो नळाचा सुरू करायचं कुणाच्या मनात आलं नसेल असं नाही. पण सगळ्या माझ्या टाळांकडं बघत होत्या, आणि मी टाळ पिशवीत घातले.