नागोरावची परात

नागोराव तोलारी फुकट कॅरमचे सामने भरवतो, यावर आमच्या गावात कोणाचाच विश्वास नव्हता. माझाही नव्हता.

माणूस नेरच्या बाजारात कापूस तोलायचा. तोलारी म्हटला की शेतकरी आधी त्याच्या अंगठ्याकडे पाहतो, मग काट्याकडे. अशा माणसानं कापसाचा हंगाम सरला की सरकी काढायच्या जिनातलं रिकामं शेड स्वतः झाडावं, दवाखान्यातून बोरिक पावडर मागून आणावी, गावोगाव सांगत फिरावं, आणि एवढं करून स्वतः एक डाव खेळू नये? पोटात काहीतरी असल्याशिवाय कोण करते असं!

कोणी म्हणे पंचायतीला उभा राहणार. कोणी म्हणे पोरीला स्थळ पाहून राह्यला. नव्यानं बौद्ध झालेल्या वस्तीत तो बोलवायला गेला, तेव्हा बळीराम गवंड्यानं त्याला उंबऱ्यावरच अडवलं.

"इतके वर्सं आमी नाई आठवलो. आता कायले?"

"तू चांगला खेळतो म्हनून."

"तुले कोनं सांगतलं?"

"तूच सांगतलं. अख्ख्या गावाले सांगत फिरतं."

बळीराम आला. पण वस्तीतले दहाजण सोबत घेऊन आला. पाटलाच्या वाड्यावरूनही तितकेच आले, कारण एकाच स्ट्रायकरला वस्तीची अन् वाड्याची बोटं लागणार, हे तिकडे कोणाला तरी उशिरा सुचलं होतं. आले ते लक्ष ठेवायला म्हणून, आणि दोन डाव झाल्यावर स्ट्रायकरसाठी हात पुढे करू लागले.

नागोरावच्या घरीसुद्धा संशयच. सामन्याच्या दिवशी तो सकाळीच पितळी परात काखेत मारून निघे. बायको तुळसाबाई दारात उभी.

"भाकरी काय तुमच्या टकल्यावर थापू?"

"सांजच्याले आनून देतो."

"त्या कॅरमच्या डब्याले माह्यी परात कायले लागते, ते सांगा आधी!"

तो सांगत नसे. शेडातली जमीन उंचसखल. टेबलावर परात ठेवायची, पाणी काठोकाठ भरायचं, आणि चारी बाजूंनी पाणी काठाला सारखं लागेस्तोवर टेबलाच्या पायांखाली काही ना काही सारत बसायचं. मग परात उचलून बोर्ड ठेवायचा. तास तास तो त्या टेबलाखाली उकिडवा बसलेला असे. खाली बसून काय करून राह्यला, हे दुरून दिसत नसे. तिथंच लोकांचं डोकं फिरायचं.

त्या साली शेवटचा सामना पंजाबराव पाटील आणि बळीराम यांच्यात लागला. सारं गाव शेडात. पाटलानं राणीला नेम धरून मारलं. राणी गेली, गेली, अन् भोकाच्या तोंडाशी येऊन थांबली.

पाटील उठला. "वाकडा हाय बोर्ड! गोटी माह्याकडं ओढून राह्यली. तोलाऱ्यानं काटा मारला!"

नागोरावनं बोर्ड सोंगट्यांसकट अलगद बाजूला ठेवला, टेबलावर परात मांडली, घागरीनं पाणी भरलं. चारी काठांना पाणी सारखं.

"परातच वाकडी हाय!" पाटील म्हणाला.

मागून तुळसाबाईचा आवाज आला, "माह्या माहेरची हाय ते!"

पाटील काही ऐकून घ्यायला तयार नव्हता. तो धोतर सावरत बळीरामच्या बाजूनं टेबलाखाली वाकला आणि ओरडला, "सापडलं!" टेबलाच्या पायाखाली लोखंडी पावशेर होता. बाजारात किलो आल्यावर बंद झालेलं जुनं वजन. पाटलानं ते हिसकून काढलं, तसं टेबल तिकडे कललं आणि परातीतलं पाणी भदाभदा पाटलाच्या पागोट्यावर आलं.

कोणी हसलं नाही. म्हणजे आधी नाही.

पाटलानं वजन खिशात टाकलं. "हे बाजारातलं वजन इथं कसं? उद्या नेरले जातो अन् साऱ्याइले दाखवतो. पाह्यतो तुह्या हातात काटा कसा राह्यते ते!"

तेव्हा मात्र नागोरावचा चेहरा उतरला. तोलाऱ्याकडे वजनाचं कुलंगडं निघालं म्हटल्यावर बाजारात त्याला कोण उभं करणार? "भंगारात जाऊन राह्यलतं, पाटील. इचारून घेतलं," तो म्हणाला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मीही पाहिलं. विचारून घेतलं, असं तर चोरही सांगतो.

"मंग, सामना सोडला का पाटील?" बळीरामनं विचारलं.

"कायले सोडतो? मांडा!"

पण टेबल लंगडं. नागोरावनं परात पुन्हा भरून छपरावरच्या कवेलूचा तुकडा लावून पाहिला, पाणी इकडे सांडलं. विटेची खपली लावली, तिकडे सांडलं. लाकडाचा ढलपा लावला, तो दबला. सगळा खेळ बघून बळीराम म्हणाला, "पाटील, मी गवंडी हाय. त्या पायाले तुमच्या खिशातलंच लागते."

पोट्टे ओरडू लागले, "द्या पाटील! खेळायचं हाय का नाई?" पाटलानं एकदा बाजूच्या बोर्डावरच्या राणीकडे पाहिलं, एकदा खिसा चाचपला. मग स्वतःच खाली वाकला आणि पावशेर पायाखाली सारला. परातीतलं पाणी काठावर सारखं झालं.

"आता उद्या नेरात काय दाखवसान?" बळीराम म्हणाला. आता मात्र शेड हसलं.

नागोरावनं जागा बदलून खेळायला लावलं. पाटील जिंकला.

"बोर्ड कसा हाय, पाटील?"

"आता सरळ हाय."

बळीराम मात्र वस्तीकडे जाताना बडबडत होता, पाटील जिंकला म्हणजे नक्कीच काहीतरी आहे.

पावशेर तिथंच राहिला. नेरला कोणी गेलं नाही. दुसऱ्या साली दोन्हीकडच्यांनी मिळून ठरवलं, नागोरावचा सत्कार करायचा. पाटलानं आपल्या हातानं नारळ दिला, बळीरामनं शेला घातला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

नागोराव शेला चाचपत सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहू लागला.

"तुमाले काय पाहिजे?" त्यानं विचारलं.

"काईच नाई गड्या."

त्याचा विश्वास बसला नाही. त्यानं नारळ तळहातावर घेतला, उलीसा वर-खाली केला, मग कानाशी नेऊन हलवला.

"हलका हाय," तो म्हणाला. "कोनं आनला?"