दंड लावून घेणारी माणसं

जग दंड चुकवायला धावतं. आमच्या घरात दंड बसावा म्हणून भांडणं झाली. हदगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या गायरानावर, म्हणजे सरकारी चराऊ जमिनीवर, माझ्या मायबापानं दगड वेचून तीन एकर रान काढलं. कागदावर ते अतिक्रमण. दरसाल तलाठी पंचनामा करून दंड लावायचा. पावतीवर नाव, गट नंबर आणि पीक लिहिलेलं असायचं. उद्या जमीन नावावर व्हायची तर आपण ती कसत होतो याचा तेवढाच पुरावा, हे आमच्या वस्तीत लहानथोरांना पाठ होतं.

एका साली नवा तलाठी आला. मनाचा मऊ. बापाच्या भेगाळलेल्या टाचा बघून म्हणाला, "राहू द्या, यंदा तुमचं नाव घेत नाही." बापानं हात जोडले, वर चहा पाजला. माय मजुरीहून आली आणि हे ऐकून तिचं डोकंच फिरलं.

"उपकार घिऊन बसलात. आता सालभर आपण हितं नव्हतोच म्हणा की."

बाप चहाच्या कपबश्या विसळायला उठला. मलाही त्याचा राग आला होता. आज वाटतं, त्याच्याशी कुणी साहेब पहिल्यांदाच नीट बोलला असेल.

दुसऱ्या दिवशी माय मला घेऊन तलाठ्याच्या उंबऱ्यात जाऊन बसली. "भाऊसाहेब, आमाला दंड लावा."

तो हसला. "बाई, मी तर सोडलं तुम्हाला."

"सोडू नका. कायद्यानं धरा."

दुपारपर्यंत ती हलली नाही. पावती घेऊनच उठली. बापाच्या जोडीला स्वतःचंही नाव लिहायला लावलं होतं. ते तिनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

बाप गेल्यावर, गेल्या पावसाळ्यात, तहसीलला सुनावणी लागली. मी आता शाळेत शिकवते. नियम वाचून गेले होते, पण मायनं मला तोंडच उघडू दिलं नाही. साहेबांनी सालवार पावत्या तपासल्या. एकही साल तुटलेलं निघालं नाही. तरी म्हणाले, "फाइल वर जाईल. निर्णय होईपर्यंत जमीन पडीक ठेवा."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्यांनी माळ फोडला त्यांनाच पडीक ठेवायला सांगता?

माय शांत. "न्हाई जमायचं, साहेब. सोयाबीन कवाच उगवून आलंय."

"बाई, ते बेकायदेशीर आहे."

"हाव. पुढली तारीख द्या. फकस्त येत्या आठवड्यात नगं, खुरपणी चालू हाय."