ह्यांचं ‘पाणी’

देवावर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला त्यात उजवा हात गेला. पाय ओढत का होईना चालू लागले, पण वाचा गेली ती गेलीच. तोंडात एकच शब्द उरला, पाणी. भूक लागली तरी पाणी, पंखा हवा असला तरी पाणी, दारात कुणी आलं तरी पाणी. समज किती शिल्लक आहे ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आमचा मुलगा तर त्यांच्यासमोरच म्हणायचा, “आई, बाबांना आता काही कळत नाही गं. तू उगाच बोलत बसतेस.” मी त्याला फाडकन झापायची, पण मनात तोच किडा वळवळायचा. समोर बसलेला हा माणूस आत आहे की नाही? एवढंच मला कळायला हवं होतं.

त्यात आमची जुनी गाडी. आजारी पडेपर्यंत ह्यांनी तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. मी चाकणच्या कंपन्यांत डबे पोचवायची तेव्हा डब्यांची गाडी चालवायला शिकले होते, म्हणून किल्ली माझ्याकडे आली आणि बाईसाहेबांनी माझी परीक्षाच घ्यायला सुरुवात केली. सकाळी पिंपळे सौदागरहून निघताना हात लावला की चालू. पिंपरीच्या बाजारातून भाजी घेऊन परत यावं, तर नुसती कण्हणार, पेटायचं नाव नाही. चांगली गार होईपर्यंत रुसून बसणार आणि मग काही झालंच नाही अशा थाटात चालू होणार. मला रागापेक्षा नवलच जास्त वाटायचं. बंद केली नाही तर भर उन्हात चाकणपर्यंत पळते, मग जरा वेळ बंद ठेवली की हिला होतं तरी काय? एखादा रोग असावा तर तो सकाळीही असायला नको का?

काळेवाडीचे रफीकभाई मेकॅनिक भला माणूस. पण हातातलं काम संपवून ते बॉनेट उघडेपर्यंत गाडी गार झालेली असायची. “काकू, ही तर मस्त चालू आहे, कुठे काय झालंय?” असं म्हणून तेच डोकं खाजवायचे. बॅटरी बदलून झाली, कॉइल बदलून झाली. आणि दर वेळी गाडी अडली की शेजारच्या सीटवरून हे सुरू, “पाणी... पाणी.” मी रेडिएटरचं पाणी बघायची, ते काठोकाठ. मग बाटली ह्यांच्या तोंडाला लावायची. हे मान फिरवायचे, पाणी शर्टावर सांडायचं, आणि मी करवादायची, “अहो, प्यायचं नाही तर मागता कशाला?”

एका गुरुवारी ह्यांना आळंदीला नेलं. माऊलींच्या समाधीसमोर धरून उभं केलं, हात जोडले आणि चक्क भांडले. म्हटलं, हा माणूस आत आहे का ते मला सांग. नसेल तर तसं सांग, मी मनाची तयारी करते. पण हे असं टांगून ठेवू नकोस.

परत येताना मोशीच्या अलीकडे रसवंतीवर थांबलो. ह्यांना रस पाजला, किल्ली फिरवली आणि झालं! गाडी कण्हायला लागली. “पाणी,” हे म्हणाले. मी अगदी रडायच्या बेतात आले. तेवढ्यात बसची वाट बघत उभी असलेली एक म्हातारी खिडकीशी आली. नदीवर आंघोळ करून आली असावी, खांद्यावर ओला पंचा होता.

“पाणी,” हे पुन्हा म्हणाले.

“अगं, तुझ्या मालकाला ऊन लागलंय. तोंड बघ कसं लाल झालंय! गाडीचं ऱ्हाऊ दे बाजूला.” मी काही बोलायच्या आत तिनं खिडकीतून हात घालून पंचा ह्यांच्या कपाळावर ठेवलासुद्धा. “घ्या माऊली, जरा गार वाटंल.”

ह्यांनी डाव्या हातानं पंचा ओढून काढला. मला वाटलं, भिरकावतात आता बाहेर, गेली अब्रू. पण त्यांनी तो समोरच्या काचेवर, बॉनेटच्या दिशेनं, दाणकन आपटला. “पाणी!” आणि माझ्याकडे बघितलं. अगं बाई! ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची. एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगावी लागली की हे असेच बघायचे.

“त्यांना ते गाडीवर टाकायचंय गं!” म्हातारी म्हणाली. “उतरीव त्यांना.”

दोघींनी धरून पुढं आणलं. बॉनेट उघडल्यावर ह्यांनी इंजिनच्या कडेला, पेट्रोलची नळी जिथं जाते त्या गोल डबीकडे बोट दाखवलं. मी पंचा घडी करून तिच्यावर ठेवला. चर्र आवाज झाला. ह्यांनी पंजा उभा धरला, थांब. आम्ही थांबलो. “माझ्या पंच्याचं काय व्हायचं ते होऊ दे बाई,” असं पुटपुटत म्हातारीसुद्धा थांबली. मग ह्यांनी किल्लीकडे मान हलवली. मी फिरवली आणि गाडी एका झटक्यात चालू झाली. “रामकृष्ण हरी!” म्हातारीनं टाळीच वाजवली. तिची बस आली तशी काळा झालेला पंचा घेऊन ती चढली. मी तिचं नावही विचारलं नाही, कारण मी स्टिअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडत होते.

रफीकभाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, “तापलेली गाडी बंद केली की त्या गोल डबीत, म्हणजे पंपात, पेट्रोलची वाफ होत होती, काकू. वाफ पुढं सरकत नाही. ओलं फडकं टाकलं की परत पेट्रोल. आता अशा गाड्या राहिल्यात कुठं, माझ्या डोक्यातूनच गेलं.” वाफेचं कारण मला पटलं. ओला पंचा नेमका ह्यांच्या कपाळावर कसा आला, ते मी कुणाला विचारलं नाही. मी नुसता नमस्कार केला.

पण गोष्ट इथं संपली नाही. मुलगा फोनवर म्हणाला, “चालू आहे तोवर विकून टाकू या, आई.” मी उसळलेच. म्हटलं, बाबा जिवंतपणी हो म्हणायचे नाहीत! आणि म्हणता म्हणता जीभ चावली. फोन ठेवला, ह्यांच्याजवळ बसले आणि पहिल्यांदाच विचारलं, “अहो, गाडी विकायची का?”

ह्यांनी गॅलरीतून खाली गाडीकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग मान हलवली, हो. मी शब्द फिरवून पुन्हा विचारलं, तर जरा वैतागूनच पुन्हा हो.

गाडी ह्यांच्यासाठी म्हणून मी जपत होते. पण माणूस आत असला म्हणजे त्याचं मतही आत असणारच, आणि ते माझ्या मनासारखंच असेल असं माऊलींनी मला कुठं कबूल केलं होतं? मागितलं होतं त्याहून जास्तच दिलं त्यांनी, ते पदरात घ्यायला मात्र मला थोडा वेळ लागला. मग डोळे पुसले आणि मुलाला फोन लावला. म्हटलं, “बाबा म्हणतायत, विका.”