शिंपल्यांचं हिरवं लुगडं

शेवाळानं शिंपले मरतील, हे मी ओरडून सांगितलं, तरी आमच्या बचत गटात कोणी खरं मानलं नाही. चौथी शिकलेली बाई, हिला काय कळतं! गटानं शेततळ्यात मोती पिकवायला घेतले, त्याचे किस्से आता इतके साठलेत की हरसूलच्या बाजारात भेटेल ती विचारते, "काय गं, मोत्याची माळ कुठंय?" मी नुसती बघते. मग तीच भाजी निवडायला लागते.

*

ट्रेनिंगला सरांनी मोती धरावा म्हणून जिवंत शिंपल्याला चीर देऊन आत मणी कसा बसवायचा ते दाखवलं. आमची मंगल काळजीनं म्हणाली, "सर, टाके नाय घालायचे?" तिची तिन्ही बाळंतपणं सिझरची. शिंपल्याचं दुःख तिलाच आधी कळलं.

*

शिंपले जाळ्यांत भरून तळ्यात टांगले. जाळ्या सगळ्यांच्या, राखायची पाळी एकेकीची. दोन महिन्यांत शेवाळ धरलं. मंगलनं आपल्या पाळीला एक जाळी बाहेर काढली आणि भांड्याचा साबण, तारेची घासणी घेऊन शिंपले लख्ख केले. तिसऱ्या दिवशी सगळे तोंड वासून मेले.

अध्यक्ष सुनंदाताईंनी लगेच नियम केला. "शिंपल्याला जी हात लावंल, ती गटाबाहेर."

*

शेवाळ वाढतच गेलं. त्यात किडे, चिकट गाळ, गोगलगायींची अंडी. चांगला शिंपला बोट लावलं की चटकन मिटतो. हे मिटेनात, फटीतच शेवाळ शिरलेलं. मी मीटिंगमध्ये सांगितलं, त्यांना धड खाता येत नाय, श्वास घेता येत नाय.

सुनंदाताई म्हणाल्या, "हिरवं लुगडं नेसलंय त्यांनी. तुझ्यावानी फाटकं नाय."

सगळ्या हसल्या. मी ताईंना त्यांच्या सासूवरून असं सुनावलं की तासभर भांडण चाललं. जिंकले मीच. पण त्या दिवशी सासू सोडून शिंपल्यांवरच बोलायला पाहिजे होतं.

*

हसली नाही ती एकटी हिरा. गटातली सगळ्यात गरीब गाय. घरी जाताना हळूच म्हणाली, "आक्का, मग कसं घासायचं?"

मी सांगितलं, पाण्यातच धर, काथ्यानं हळू घास, साबण नको. नियम मोडायची माझी स्वतःची छाती झाली नाही. माझ्या पाळीला मी काठावर बसून राहिले.

*

उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि आधी वास आला. जाळ्या वर काढल्या तर शिंपले तोंड वासून मेलेले. फक्त दोन जाळ्यांतले स्वच्छ होते, बोट लावताच मिटले.

समाजमंदिरात सगळ्या जमल्या. सुनंदाताईंचं म्हणणं, कोणीतरी दोन जाळ्या घासल्या, ती घाण पाण्यात पसरली, म्हणून बाकीचे मेले. आता ती गटाबाहेर. कोण ती?

हिरा माझ्याकडं बघत होती. तिला वाटलं, आक्का बोलेल.

ताईंनी मलाच विचारलं, "तुझं तोंड तर कधी बंद नसतं. बोल की, कोण?"

मी म्हटलं, "हिरा."